हमीदाआपाची झडती

हमीदाआपाची शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. त्या सभेत पाटकरकाका बराच वेळ बोलले. "आपा म्हणजे आपल्या गल्लीची माय होती. शांत, मायाळू. आयुष्यात कुणाला उणा शब्द म्हणून बोलल्या नाहीत," असं म्हणून त्यांनी रुमालानं डोळे टिपले. मी मागच्या रांगेत होतो. हातातला हार खुर्चीवर ठेवला आणि उठून बाहेर आलो. आणखी थोडा वेळ बसलो असतो तर तोंडातून काय गेलं असतं याची मला खात्री नव्हती.

आपा शांत? अहो, आपा गल्लीत बोलायला लागली की फाट्यावरचे ट्रकवाले मान वळवून बघायचे. उणा शब्द नाही? मला तिनं एवढ्या वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. 'ए मेडिकल' म्हणायची, आणि त्यापुढं जे म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिला राग यायचा, तो राग खरा होता, त्याला कारण होतं, आणि ते कारण त्या दिवशी माईकसमोर उभं राहून डोळे टिपत होतं. माणूस गेलं की त्याला गोड करून टाकायची आपली रीत मला मुळीच पटत नाही. गोड केलं की त्या माणसानं काय मागितलं होतं ते विसरायला आपण मोकळे. म्हणून हे लिहायला बसलो.

खालापुरात माझं मेडिकलचं दुकान आहे आणि दुकानाच्या बरोबर समोर, गल्लीच्या पलीकडे, आपाचं घर. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. डोक्यावरून ओढणी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि गालात सदा सुपारीचं खांड. तिचा नवरा इस्माइलभाई दुबईत शिंपी होता. पुढं तिथंच त्याचं स्वतःचं छोटं दुकान झालं आणि आपा त्याच्याबरोबर कितीतरी वर्षं तिथल्या देरा भागात राहिली. तो वारल्यावर ती इकडं परत आली, पण ते शहर तिच्या डोक्यातून गेलं नाही. कुठल्या स्टेशनात उतरलं की कुठला बाजार लागतो, खाडी ओलांडायला टॅक्सीपेक्षा होडी किती स्वस्त, तिथं कडक चहाला करक म्हणतात, हे सगळं ती आपल्या परसातलं सांगावं तसं सांगायची. सांगायची म्हणजे ओरडायची.

आमच्या भागातून दुबईला जाणारा माणूस, मग तो नोकरीला निघालेला असो, मुलाकडं महिनाभर राहायला, नाहीतर टूरवाल्यांबरोबर उंच इमारत बघायला, निघायच्या आदल्या दिवशी बॅग घेऊन आपाच्या ओट्यावर यायचा. खालापूरचे यायचे, मोहोपाड्याच्या कॉलनीतले यायचे, कर्जतहूनसुद्धा यायचे. हा काही कायदा नव्हता. पण जो यायचा नाही त्याच्या घरी आपा स्वतः जायची, आणि ते फार वाईट.

ओट्यावर एक बाकडं. त्यावर बॅग उघडायची, सगळ्या गल्लीच्या देखत. आपा समोर खुर्चीवर बसून एकेक वस्तू बाहेर काढायची. आतले कपडे, कंगवे, देवाचे फोटो, लोणच्याच्या बरण्या, सगळं. बायाबापड्या लाजून चूर व्हायच्या. एकदा मोहोपाड्याचा एक तरुण इंजिनियर कुरकुरला, "मावशी, जरा आत घेऊन बघा ना." तर आपा म्हणाली, "विमानतळावर लाज जान्यापरीस गल्लीत गेलेली बरी. हितं आपली मान्सं हायत. तितं कोन हाय तुजं?"

"पण सगळं नेटवर दिलेलं असतं, मावशी."

"नेट तुज्या ब्यागेत हात घालतं का रं? मग गप ऱ्हा."

हे चालू असताना तिच्या सूचनांचा पट्टा सुरू असायचा. पासपोर्टच्या झेरॉक्सा वेगळ्या पिशवीत ठेव. औषधाची चिठ्ठी बरोबर पायजे, गोळ्या मूळच्या पाकिटातच ने, सुट्या करून डबीत भरू नको. बायांचे फोटो काढशील तर हाडं मोडतील, आदी तितले पोलीस, मंग मी. मेट्रोत बायांचा डबा वेगळा असतो, तेत चढू नको. उन्हाळ्यात जाशील तर दुपारचा भाईर पडू नको, आनि शाल ने, कारन मॉलमदी थंडीनं कुडकुडशील. फोनवर कुनाला शिव्या लिहू नको, तितं तेचीबी केस होती. पानमसाला दिसला की ती तो सरळ गटारात टाकायची, आणि स्वतःच्या गालातली सुपारी दुसऱ्या गालात घ्यायची.

तिचे दोन नियम मात्र वेगळे होते. ते ती ओरडून सांगत नसे. चष्मा काढून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची. "एक ध्यानात ठेव. जी वस्तू तितं मिळत नाय, ती का मिळत नाय हे आदी इचार, मग ब्यागेत घाल. आनि दुसऱ्याचं बंद पुडकं घ्यायचं नाय. सख्ख्या आईनं दिलं तरी फोडून बघायचं." एवढं बोलून झालं की ती पुन्हा चष्मा लावायची आणि पुन्हा आवाज चढायचा.

कडावच्या दत्तूची गोष्ट सगळ्या तालुक्यात झालेली आहे. दत्तूची दुधाची डेअरी. पशुखाद्याच्या कंपनीनं चांगल्या गिऱ्हाइकांना दुबईची टूर लावली, त्यात दत्तू आणि त्याची बायको मंगल. दोघं नवी कोरी बॅग घेऊन आले. दत्तू मिशीवर ताव देत म्हणाला, "आपा, आमी काय येडे हाव का? बघून झालं का सोडा. मशी पिळायच्या हायत."

आपानं त्याला सोडला नाही. दोघांना घेऊन ती फाट्यावर गेली आणि भर दुपारी जुन्या हायवेच्या कडेला उभं केलं. "हितनं पलीकडं कसं जाशील?"

दत्तू दोन्हीकडं बघून, हात वर करून, ट्रकच्या पुढून पळत पलीकडं गेला आणि हसत उभा राहिला.

"झाला दंड!" आपा इकडून ओरडली. "ये मागं! सिग्नलात हिरवा मानूस दिसल्याबिगर पाय टाकायचा नाय."

"आपा, हितं कुटं हाय हिरवा मानूस?"

"म्हनून तर हितं मरतात!"

चहाच्या टपरीवरची माणसं पोट धरून हसत होती. आपा हसली नाही. तिनं दत्तूकडून दहा वेळा वदवून घेतलं, मेट्रोत काय खायचं नाय, पानी प्यायचं नाय, चघळायचं नाय. आठवड्यानं दत्तू परत आला तो खजुराचा डबा घेऊन थेट आपाच्या ओट्यावर. मेट्रोत शेंगदाण्याचा लाडू खाताना धरला होता त्याला, आणि दंड भरावा लागला होता. आपलं खरं ठरलं म्हणून एखादीला बरं वाटलं असतं. आपाचा चेहरा काळाठिक्कर पडला. "सांगितलेलं ना रं? दहा येळा सांगितलेलं ना? तुला दंड झाला, दुसऱ्याला कायतरी दुसरं व्हईल, तेवा कोन निस्तरनार?" ती भयंकर संतापली. एका लाडवाच्या दंडासाठी एवढं काय, असं दत्तूला वाटलं. मला तसं वाटलं नाही, कारण मला ठाऊक होतं. खजुराचा डबा तिनं घेतला, पण आधी दत्तूच्या समोरच फोडून तळापर्यंत बघितला.

ती नेहमी बरोबर असायची असंही नाही. कुंभिवलीची एक म्हातारी एकदा सुनेला घेऊन आली. मुलगा तिकडं क्रेन चालवायचा, आणि सून तान्ह्या पोराला घेऊन पहिल्यांदा निघाली होती. बॅगेत म्हातारीनं नातवासाठी शिवलेली दुपट्याएवढी गोधडी होती. आपानं ती बोटांनी चाचपली. एका कोपऱ्यात जाड लागलं. "ह्यात काय हाय?" म्हातारी म्हणाली, "काय नाय बाय, कापड हाय." आपानं ब्लेड काढलं आणि कोपरा उसवला. आत खरंच नुसतं कापड निघालं. कोपरा विरळ होता म्हणून म्हातारीनं आपल्या जुन्या लुगड्याची घडी आत घातली होती. म्हातारी तिथंच बसून रडायला लागली. "म्या काय चोर हाय का गं? नातवाच्या गोदडीत मी काय घालन?"

'चुकलं' हा शब्द आपाच्या तोंडून मी कधी ऐकला नाही, तेव्हाही नाही. ती आत गेली, इस्माइलभाईची शिलाई मशीन दोन्ही हातांनी ओढत ओट्यावर आणली आणि तो कोपरा शिवायला बसली. शिवताना म्हातारीलाच फैलावर घेत होती. "टाका बग कसला घातलाय. धुतल्यावर हे ऱ्हाईल का? पोराच्या तोंडात दोरा जाईल." तिनं चारी कोपरे पुन्हा शिवून दिले. म्हातारी हळूहळू रडायची थांबली आणि टाके बघू लागली. शेवटी दोघी बसून चहा प्यायल्या.

आता ते कारण सांगतो.

हमीदाआपाचा धाकटा भाऊ अन्वर. हाही दुबईत होता, एका किराणा गोदामात. सुट्टीला यायचा तो बहुतेक दिवाळीच्या सुमाराला, कारण परत जाताना गल्लीचा फराळ न्यायचा असायचा. आमच्या गल्लीतली चार-पाच पोरं तिकडं कामाला होती आणि घरोघरचे डबे अन्वर एका मोठ्या खोक्यात भरून न्यायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एका वर्षी नेलं आणि मग ते त्याचं कामच झालं. "ईदेला तुमी माज्या घरी खाता ना? मग दिवाळी मी पोचवतो," असं म्हणायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, आपल्या गल्लीचाही वाटायचा. आता गल्लीचा वाटत नाही.

दहाएक वर्षांपूर्वीची दिवाळी. अन्वर तिकडं विमानतळावर उतरला आणि खोकं उघडलं गेलं. अनारशांच्या स्टीलच्या डब्यात, अनारशांच्या खाली, खसखशीची मोठी पिशवी निघाली. आपल्याकडं खसखस म्हणजे मसाल्याची वस्तू. तिथं तिची गणना अमली पदार्थांत होते, कारण ते अफूच्या बोंडातलं बी. त्यांनी त्यांच्या कायद्याप्रमाणं केलं. त्यांना मी दोष देत नाही. अन्वर आत गेला.

आमच्या गल्लीत अनारसे घालणारी बाई एकच, पाटकरकाकू. पाटकरकाका रसायनीच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. त्यांचा मुलगा नितीन तिकडं चांगल्या नोकरीत. त्याच्या बायकोला तिथं खसखस मिळत नव्हती म्हणून तिनं मागवली आणि काकूनं पाठवली. का मिळत नाही, हे त्या चार शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

इथपर्यंत चूकच होती. चूक कुणाचीही होते. पुढचं चूक नव्हतं. आपा पाटकरांच्या दारात गेली आणि म्हणाली, पिशवी तुमची आहे एवढं नितीनला तिथं जाऊन सांगू दे, अन्वरला फायदा होईल. नितीननं फोन उचलायचं बंद केलं. नोकरी जाईल ना साहेबांची! आणि काका चार माणसांत काय म्हणाले? "डबा आमचा. अनारसे आमचे. पण खसखस आमची नव्हे. वाटेत कुणी घातली असेल ते आम्हाला काय माहीत?" वाटेत म्हणजे कुणी? डबा पाटकरांच्या घरातून निघून फक्त अन्वरच्या हातात होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी दुकानातून बाहेर येऊन काकांना विचारलंही होतं, "काका, तुमच्या छातीवर हात ठेवून सांगा." तेव्हापासून काका औषधं चौकातल्या दुकानातून घेतात.

अन्वर काही महिन्यांनी सुटला आणि परत पाठवला गेला. तिकडचा दरवाजा कायमचा बंद. तो आत असताना त्याची अम्मी वारली. ती रोज आपाला विचारायची, "अन्वरचा फोन आला का?" आणि आपा रोज सांगायची, "आला व्हता, तू झोपलेलीस." मय्यतीला खांदा द्यायला मुलगा नव्हता. परत आल्यावर त्यानं कुंभिवलीला हायवेच्या कडेला चिकन सेंटर टाकलं. लोक त्याच्याकडून कोंबडी घेतात आणि पाठीमागं त्याला 'अफूवाला' म्हणतात. थोरल्या मुलीची ठरत आलेली सोयरीक त्याच्यावरून फिसकटली. "मुलगी चांगली हाय, पन बापाचं कायतरी हाय म्हनं," असा निरोप आला.

तेव्हापासून आपा झडती घेऊ लागली. लोकांना वाटायचं, बाईला सवय आहे, बाई तऱ्हेवाईक आहे. काहीजण तिची नक्कल करून दाखवायचे. झडती घेताना ती कधी कधी सांगायची, "एका घरच्या खसखशीनं माजा भाव आत बसला." घराचं नाव तिनं कधी घेतलं नाही. तिला पैसा नको होता, पाया पडायला नको होतं. त्या घरातल्या माणसानं गल्लीत उभं राहून एक वाक्य बोलावं एवढीच तिची मागणी होती. ती खसखस आमची होती. बस्स. अन्वरच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तिनं पाटकरांकडं पुन्हा निरोप पाठवला होता. काकांनी दार उघडलं नाही.

आणि मग गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, पाटकरकाका-काकू आपाच्या ओट्यावर आले. नितीनला पाच-सहा वर्षांची मुलगी, तिला बघायला निघाले होते. काका यायला तयार नव्हते म्हणे, पण काकूनं ऐकलं नाही. ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती आणि तिला भीती वाटत होती. मी दुकानाच्या काउंटरवरून बघत होतो. गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं आली. आपानं खुर्ची सरळ केली, चष्मा लावला आणि म्हणाली, "ब्याग ठेवा."

इतकी शांत झडती मी पाहिली नव्हती. एकेक वस्तू बाहेर निघत होती. साड्या, स्वेटर, नातीसाठी बाहुली, मेतकूट. शेवटी स्टीलचा डबा. तोच असेल की दुसरा, देव जाणे. आपानं झाकण काढलं. आत अनारसे. तिनं एक उचलून डोळ्यांजवळ नेला. वर पांढरे तीळ लावलेले होते.

"काकू, अनारशाला तीळ?"

"खसखस चालत नाही ना गं तिकडं," काकू म्हणाली. साधी बाई. "आता तिळाचेच करते मी. मी आधी किती वर्षं खसखशीतच थापत होते."

"तिळाचे कदीपासून करता?"

"झाली की बरीच वर्षं. नितीननंच फोन करून सांगितलं होतं, आई, यापुढं खसखस पाठवू नकोस म्हणून."

"कदी केलेला फोन?"

काका पुढं झाले. "अगं, काय लावलंयस? चल, उशीर होतोय."

"काकू, कदी?"

काकूनं काकांकडं पाहिलं, मग आपाकडं. "अन्वरला धरलं ना, त्याच दिवशी," ती म्हणाली.

त्याच दिवशी. म्हणजे अन्वर विमानतळावरच्या खोलीत बसलेला असताना नितीनसाहेबांना सगळं कळलं होतं. त्यांनी फोन केला होता. पोलिसांना नाही, अन्वरच्या बहिणीला नाही. आईला, की यापुढं पाठवू नकोस. माझ्या कानशिलात रक्त चढलं, ते आजही हे लिहिताना चढतं आहे.

आपाचा हात अनारशासकट तसाच वर राहिला होता. ती म्हणाली, "काका, गल्ली ऐकतीय. आता तरी बोला."

काका भराभर साड्या बॅगेत कोंबायला लागले.

"काका!"

"मला यातलं काही माहीत नाही," काका म्हणाले.

तेव्हा काकू बोलली. बाकड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आमची होती, हमीदा. मीच बांधली होती. खाली ठेवली, म्हणजे अनारसे मोडू नयेत." आणि रडायला लागली.

आपानं तिच्याकडं पाहिलंही नाही. तिचा हात बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात गेला आणि गोळ्यांची एक पट्टी घेऊन बाहेर आला. "ए मेडिकल! हिकडं ये. ही कसली गोळी?"

मी गेलो. काकांच्या गुडघ्यांची गोळी होती. जबर दुखण्यावरची, चौकातल्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली. तिकडं कागदाशिवाय ही सापडली तर सुटका नाही, हे मला ठाऊक होतं आणि आपालाही होतं. मी तसं सांगितलं. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं, राहू दे. राहू दे ती पट्टी कप्प्यात, जाऊ दे काकांना तसंच. त्यासाठी आपानं काहीही करायची गरज नव्हती.

आपानं ती पट्टी काकांच्या छातीवर फेकून मारली. "डाक्टरची चिठ्ठी घ्या! नायतर अन्वर बसला तितं तुमाला पन बसवतील! आनि तुमाला सोडवायला कोन येनार नाय, तुमचा ल्योकबी नाय!" मग तो एक अनारसा डब्यात परत ठेवून तिनं झाकण गच्च लावलं. "हे चालतात. न्या. पोरीचा काय गुन्हा हाय?"

मी अन्वरला फोन केला. तो दुकानातल्या रक्तानं भरलेल्या एप्रनातच स्कूटरवर आला. तोवर काका काकूला हाताला धरून घरी घेऊन गेले होते आणि दार आतून बंद होतं. अन्वर त्या दाराकडं बघत राहिला आणि म्हणाला, "जाव दे आपा. गल्लीनं ऐकलं ना?" आपानं त्याला अशी काही शिवी घातली की तो मुकाट्यानं स्कूटर वळवून निघून गेला.

काका-काकू डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेले, सुखरूप राहिले, सुखरूप आले. आल्यावर काकांनी गल्लीत सांगायला सुरुवात केली, "हिला हल्ली काही आठवत नाही हो. डॉक्टर म्हणाले वयोमानानुसार. काहीही बोलते." काकू तेव्हापासून फारशी बाहेर दिसत नाही. आणि गल्लीनं काय केलं? गल्लीनं मान डोलावली. ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तेसुद्धा मला म्हणाले, "जाऊ द्या हो, दोन्ही घरं आपलीच." दोन्ही घरं आपली असतील, तर एकाच घराला अफूवाला का म्हणता?

आपानं मात्र एक बदल केला. झडती घेताना 'एका घरची खसखस' म्हणणं सोडलं. आता ती मोठ्यानं म्हणायची, "पाटकरांच्या खसखशीनं." लोक चुळबुळ करायचे. दत्तूसारखा एखादा म्हणायचा, "आपा, हळू." आपा आणखी मोठ्यानं म्हणायची.

यंदा ती मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघाली. ओट्यावर खुर्ची मांडली, बाकड्यावर स्वतःची बॅग ठेवली आणि मला हाक मारली. "ए मेडिकल! बस हितं. बघ माजी ब्याग."

मी म्हणालो, "आपा, तुझी काय बघायची?"

"नियम म्हंजे नियम. बस."

अन्वर गाडी घेऊन उभा होता. गल्ली जमली. मी खुर्चीवर बसून भीत भीत बॅग उघडली. दोन-तीन सलवार-कमीज, नमाजाला अंथरायचा मुसल्ला, चिठ्ठीसकट ब्लडप्रेशरच्या गोळ्या, ज्या माझ्याच दुकानातल्या होत्या, आणि एका पुरचुंडीत सुपारी. मी सुपारी वर धरून तिच्याकडं पाहिलं. गल्ली हसली. ती म्हणाली, "टाक गटारात," आणि मी टाकेपर्यंत माझ्यावरची नजर हलवली नाही. मी बॅग लावायला गेलो तर ओरडली, "नीट बघ रं! तळाला हात घाल! कप्पा कोन बघनार, तुजा बाप?" मी तळाला हात घातला. कप्पे बघितले. काही नव्हतं. "नाय ना काय? सांग मग सगळ्यांना," ती म्हणाली. मी सांगितलं, काही नाही.

उमरा करून ती आली ती खोकला घेऊन. मुंब्र्याला राहणाऱ्या तिच्या मुलीनं विमानतळावरून तिला परस्पर तिकडं नेलं आणि तिथंच ती गेली. त्यामुळं आमच्या गल्लीनं तिला पाहिलं ते ती उमऱ्याला निघाली त्या दिवशीच शेवटचं. गाडीत पुढच्या सीटवर बसलेली, काच खाली केलेली. गाडी पाटकरांच्या फाटकाशी आली तशी तिनं अन्वरला थांबवायला लावली. काका अंगणात झाडांना पाणी घालत होते. आपानं अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "काका! अजून येळ हाय बरं का!"

काकांनी पाइप तसाच जमिनीवर टाकला, आत गेले आणि दार लावून घेतलं. अंगणात पाणी वाहत राहिलं. आपा अन्वरच्या दंडावर चापट मारून म्हणाली, "चल रं, इमान काय आपल्यासाठी थांबनार हाय का?"